दुलीपसिंहजी यांची काउंटी कारकीर्द : हौशी क्रिकेटपटूच्या दर्जाचा एक अभ्यास

१९३० सालच्या एखाद्या काउंटी सामन्याचा छापील धावफलक हाती घेतला, तर त्यावरील नावांच्या मांडणीकडे प्रथम लक्ष जाते. काही नावांच्या आधी आद्याक्षरे असतात. काही नावे नुसत्या आडनावाने छापलेली असतात, किंवा त्यांची आद्याक्षरे आडनावानंतर, शेपटासारखी जोडलेली असतात. ही मुद्रकाची लहर नव्हे. आद्याक्षरे आधी असलेला खेळाडू हा ‘जंटलमन’, म्हणजे हौशी. आडनावाने ओळखला जाणारा तो ‘प्लेअर’, म्हणजे खेळावर उदरनिर्वाह करणारा. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत, आणि कित्येक मैदानांवर तर खेळपट्टीकडे जाण्याची फाटकेही निराळी असत. १९५० साली लॉर्ड्सवर तरुण टिटमसचे नाव हौशी पद्धतीने छापले गेले, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून त्याची दुरुस्ती जाहीर करण्यात आली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. तोपर्यंत दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती आणि इंग्लंडात मजूर पक्षाचे सरकार होते.

ससेक्सच्या त्या काळच्या धावफलकांवर आद्याक्षरे आधी असलेले एक नाव आढळते : के. एस. दुलीपसिंहजी. इतर आद्याक्षरांप्रमाणे ही दोन अक्षरे मात्र कोणत्याही नावांची नाहीत. ‘कुमार श्री’ ह्या काठेवाडी राजकुलातील उपपदाचे ते इंग्रजी संक्षेप होत. त्यांचे चुलते रणजितसिंहजी ह्यांच्या नावामागेही हीच अक्षरे लागत. एका व्यवस्थेतील पदवी दुसऱ्या व्यवस्थेतील आद्याक्षरे बनली आणि छापील रकान्यात बिनबोभाट सामावली गेली. दुलीपसिंहजींची कारकीर्द अल्पकालीन का ठरली, ह्याचा विचार करताना हा लहानसा तपशील डोळ्यांपुढे ठेवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या अल्पकालीनतेचे सर्वपरिचित कारण म्हणजे त्यांचा क्षयरोग. ते खोटे नाही. परंतु ते एकच कारण पुढे करून चरित्रकार पुष्कळदा मोकळे होतात, आणि मग जो काळ त्यांना खेळावयास मिळाला त्या काळात ते कोणासाठी, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या अनुमतीने खेळले, हे प्रश्न मागे पडतात. इतिहासाच्या अभ्यासकास हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटावेत.

दुलीपसिंहजींचा जन्म १३ जून १९०५ रोजी काठेवाडातील सरोदर येथे झाला. राजकोटचे राजकुमार कॉलेज, नंतर इंग्लंडातील चेल्टनम कॉलेज आणि शेवटी केंब्रिजचे क्लेअर कॉलेज, असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम आहे. संस्थानी घराण्यातील मुलांचा तो ठरीव मार्ग होता. चेल्टनम येथे ग्लॉस्टरशायरचे जुने गोलंदाज वूफ हे क्रिकेट शिकवीत. त्यांच्या हाताखाली ह्या मुलाचा खेळ घडला. म्हणजे हौशी खेळाडू घडविणारा मनुष्य बहुधा धंदेवाईकच असे. त्याला वेतन मिळे आणि शिष्याला कीर्ती. ही गोष्ट सर्व पब्लिक स्कुलांच्या बाबतीत खरी आहे, आणि हौशी क्रिकेटच्या गौरवगाथांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

केंब्रिजसाठी ते १९२५, १९२६ व १९२८ ह्या वर्षी ऑक्सफर्डविरुद्ध खेळले. मधले १९२७ साल रिकामे आहे. त्या वर्षाच्या आरंभी त्यांनी केंब्रिजच्या फेनर्स मैदानावर मिडलसेक्सविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने त्यांना गाठले. उरलेला हंगाम वाया गेला. प्रकृती सुधारण्यासाठी स्वित्झर्लंडला जावे लागले. छातीचे हे दुखणे पुढेही त्यांच्या मागे राहिले. १९२९ पासून सलग तीन हंगामांत त्यांनी दरसाल अडीच हजारांहून अधिक धावा काढल्या. एखादा धडधाकट मनुष्यही दमून जाईल असे हे काम आहे. काउंटीचा हंगाम म्हणजे एप्रिलअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून सहा दिवस खेळ आणि रात्रीचा रेल्वेप्रवास.

ह्या धावसंख्यांत शिखर म्हणावा असा डाव ७ मे १९३० रोजीचा. होव्ह येथे नॉर्दॅम्प्टनशायरविरुद्ध त्यांनी एकाच दिवसात, सुमारे साडेपाच तासांत, ३३३ धावा केल्या. ससेक्सकडून एका डावात सर्वाधिक धावांचा विक्रम तोवर रणजितसिंहजींच्या नावावर होता : १९०१ साली टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध नाबाद २८५. पुतण्याने चुलत्याचा विक्रम मोडला, ही घटना वृत्तपत्रांना आवडली ह्यात नवल नाही. त्याच वर्षी लॉर्ड्सवरील जंटलमन विरुद्ध प्लेअर्स सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके केली (१२५ व नाबाद १०३). त्या सामन्याची परंपरा १८०६ पासूनची. तीत असा पराक्रम करणारे त्यांच्यापूर्वी दोघेच होते, फॉस्टर आणि किंग.

आता कसोटी क्रिकेटकडे वळू. १५ जून १९२९ रोजी एजबॅस्टन येथे सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यात दुलीपसिंहजी इंग्लंडकडून प्रथम खेळले. दोन्ही डावांत मिळून धावा झाल्या तेरा. त्या मालिकेत त्यांची पुन्हा निवड झाली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या गोटातून वर्णाच्या कारणावरून हरकत आल्यामुळे त्यांना वगळण्यात आले, असे क्रिकेटच्या अनेक इतिहासकारांनी लिहिले आहे. ह्या विधानाची तपासणी करताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. नवोदित फलंदाजाने दोन डावांत तेरा धावा करणे हे वगळण्यास पुरेसे क्रिकेटविषयक कारण होते, आणि त्या काळी इंग्लंडपाशी हॉब्ज, सटक्लिफ, हॅमंड असे फलंदाज असता निवडसमितीला दुसरे निमित्त शोधण्याची गरज नव्हती. एवढ्यावरून मात्र आक्षेप निकालात निघत नाही. १९२९-३० च्या हिवाळ्यात ते इंग्लंडच्या संघाबरोबर न्यूझीलंडला गेले, ऑकलंड येथे त्यांनी ११७ धावांचे पहिले कसोटी शतक केले, आणि १९३० चा उन्हाळा तर त्यांच्या पूर्ण वैभवाचा होता. तरीही १९३०-३१ च्या हिवाळ्यात जो इंग्लिश संघ दक्षिण आफ्रिकेला गेला त्यात त्यांचे नाव नाही. दौऱ्यावर न जाण्याची कारणे हौशी खेळाडूला पुष्कळ असत, आणि दुलीपसिंहजींच्या बाबतीत प्रकृती हे एक होतेच. पण दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या प्रश्नावर १९२७ साली केपटाऊन करार झालेला होता, श्रीनिवास शास्त्री तेथे हिंदुस्थान सरकारचे एजंट म्हणून राहून आले होते, आणि तरीही त्या देशातील हॉटेले, आगगाडीचे डबे व क्लब हिंदी मनुष्यास बंदच होते. अशा देशाच्या दौऱ्यावर हिंदी राजपुत्राला पाठवण्याचा विचार कोणी मनातही आणला नसावा, हेच अधिक संभवनीय आहे. हरकत उघडपणे घेण्याची वेळच आली नाही, इतकी ती सर्वांनी गृहीत धरलेली होती. अशी गृहीते कागदावर उतरत नाहीत, आणि म्हणून कागदपत्रांच्या अभावावरून ती नव्हती असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही.

जाता जाता एक विलक्षण गोष्ट नोंदवावीशी वाटते. जानेवारी १९३० मध्ये इंग्लंडचे दोन संघ एकाच वेळी दोन ठिकाणी कसोटी सामने खेळत होते : एक न्यूझीलंडमध्ये, दुसरा वेस्ट इंडीजमध्ये. ‘इंग्लंडचा संघ’ ह्या शब्दप्रयोगाला त्या काळी किती लवचीक अर्थ होता, ह्याची त्यावरून कल्पना यावी.

लॉर्ड्सवरील १९३० च्या कसोटीची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. बोटाला दुखापत झाल्याने सटक्लिफ खेळू शकत नव्हते. दुलीपसिंहजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्रथमच खेळत होते आणि त्यांनी १७३ धावा केल्या. ग्रिमेटच्या गोलंदाजीवर उंच फटका मारताना ब्रॅडमनने त्यांचा झेल घेतला. प्रेक्षकांत बसलेल्या रणजितसिंहजींनी पुतण्याच्या निष्काळजीपणाबद्दल नापसंती दर्शविली, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्या चिरंजीवित्वाचे कारण समजण्यासारखे आहे. जगाच्या दृष्टीने विजयाचा असलेला तो क्षण चुलत्याच्या दृष्टीने शिस्तभंगाचा ठरतो, आणि ह्या दोन दृष्टींपैकी दुसरीच दुलीपसिंहजींच्या आयुष्यात निर्णायक होती, हे ऐकणाऱ्यांनी ओळखले असावे. सामना इंग्लंडने गमावला. ब्रॅडमनने २५४ धावा केल्या, ऑस्ट्रेलियाने ६ बाद ७२९ वर डाव सोडला, आणि १७३ धावांचा तो डाव पराभवाच्या पोटात गेला.

रणजितसिंहजींनी १८९६ साली, दुलीपसिंहजींनी १९३० साली आणि पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान ह्यांनी डिसेंबर १९३२ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपापल्या पहिल्याच कसोटीत शतक केले. तिघेही संस्थानी घराण्यांतील, तिघेही इंग्लंडकडून खेळले. ह्या योगायोगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याच्या मुळाशी असलेला राजकीय संबंध मात्र फारसा कोणी तपासलेला दिसत नाही.

दुलीपसिंहजी भारताकडून का खेळले नाहीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो बहुधा चुकीच्या सालापासून विचारला जातो. १९२९ साली भारताचा कसोटी संघ अस्तित्वातच नव्हता. इंपीरिअल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये भारताचा प्रवेश १९२६ साली झाला, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ डिसेंबर १९२८ मध्ये स्थापन झाले, आणि पहिली कसोटी लॉर्ड्सवर २५ जून १९३२ रोजी सुरू झाली. तेव्हा १९२९ मध्ये इंग्लंडकडून खेळण्याने त्यांनी कोणाला दूर लोटले, असे म्हणता येत नाही. खरा प्रश्न १९३२ चा आहे. त्या जूनमध्ये भारताचा संघ इंग्लंडात होता. संघाचे नेते पोरबंदरचे महाराज स्वतः कसोटीतून बाजूला झाले आणि होळकरांच्या पदरी असलेले कर्नल सी. के. नायडू ह्यांनी नेतृत्व केले. त्याच दिवसांत दुलीपसिंहजी ससेक्सचे कर्णधार म्हणून तेथेच खेळत होते. पुढे पतौडींनी इंग्लंडकडून खेळल्यानंतर १९४६ साली भारताचे नेतृत्व केले. म्हणजे एका देशाकडून खेळलेल्यास दुसऱ्याचे दार कायमचे बंद होते, असेही नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर रणजितसिंहजींच्या भूमिकेत आहे. आपण व दुलीप हे इंग्लिश क्रिकेटपटू आहोत, असे त्यांचे म्हणणे असल्याचे सांगितले जाते. ह्या उद्गारावरून त्यांना देशद्रोही ठरविण्याचा मोह पुढील पिढीतील अनेकांना झाला. परंतु त्यांच्या राजकारणाशी ही भूमिका पूर्ण सुसंगत होती. १९२९ साली, म्हणजे ज्या वर्षी दुलीपसिंहजी प्रथम इंग्लंडकडून खेळले त्याच वर्षी, बटलर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. संस्थानांचा संबंध प्रत्यक्ष ब्रिटिश राजमुकुटाशी आहे, आणि संस्थानिकांच्या संमतीवाचून त्यांना भारतीय विधिमंडळास जबाबदार असलेल्या सरकारच्या हवाली करता येणार नाही, असे त्या अहवालाचे सार होते. रणजितसिंहजी हे नरेंद्रमंडळातील एक अग्रणी होते व पुढे त्याचे चॅन्सेलर. नवानगरचे जामसाहेब स्वतःस हिंदुस्थान सरकारचे प्रजाजन समजत नव्हते. ते राजमुकुटाशी तहाने बांधलेले राजे होते. मग त्यांच्या पुतण्याने ‘भारत’ ह्या, त्यांच्या मते अद्याप अस्तित्वात न आलेल्या, राजकीय एककाचा शर्ट का घालावा? गोलमेज परिषदेत जो वाद संघराज्याच्या कलमांतून चालला होता, तोच वाद येथे धावफलकावर चालला होता. हे लक्षात घेतले म्हणजे रणजितसिंहजींची भूमिका समजते; ती मान्य केली पाहिजे असे मात्र नाही. ज्याच्या नावाने ती घेतली गेली त्याला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न तिच्यात कोठेच येत नाही.

येथे हौशी दर्जाचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. हौशी खेळाडू स्वतंत्र असतो, तो कोणाचा नोकर नसतो, आणि म्हणून नेतृत्व त्याच्याकडेच असावे, असा ह्या संस्थेचा सिद्धांत होता. इंग्लंडचे कर्णधारपद १९५२ साली लेन हटनकडे जाईपर्यंत विसाव्या शतकात धंदेवाईक खेळाडूला नेमून दिले गेले नव्हते. व्यवहारात दोन महायुद्धांमधील काळात हे स्वातंत्र्य बरेच झिजले होते. जमिनीच्या उत्पन्नावर निश्चिंत राहणारा वर्ग युद्धानंतरच्या करांनी खचला होता. विद्यापीठातून बाहेर पडलेला तरुण दोन-तीन हंगाम खेळे आणि मग शेअरबाजारात, वकिलीत किंवा शाळामास्तरकीत शिरे. जार्डिन सॉलिसिटर झाले होते, चॅपमन मद्यनिर्मितीच्या धंद्यात होते, फार्न्स शिक्षक होते. ह्यांच्या कारकिर्दी तुटक वा आखूड होण्याचे कारण पैसा व वेळ हे होय. काउंटीच्या इतिहासांत दोन-चार हंगाम चमकून नाहीशी झालेली जी असंख्य हौशी नावे आढळतात, त्यांतील बहुतेकांची हकीकत हीच.

दुलीपसिंहजींना हे कारण लागू नव्हते. त्यांना नोकरी करावी लागली नाही. त्यांचा खर्च चुलत्याच्या आधारावर चाले, आणि चुलत्याचे उत्पन्न म्हणजे नवानगर संस्थानचा वसूल. काठेवाडातील कोरडवाहू रानातून निघालेला सारा अशा रीतीने होव्हच्या हिरवळीवर खर्च होत होता. ससेक्सचा थोर गोलंदाज मॉरिस टेट त्याच संघात पगारावर खेळे; त्याचा धनी कोण हे सर्वांना माहीत होते आणि कराराची कलमे लिहिलेली होती. दुलीपसिंहजींच्या बाबतीत तसा करार नव्हता. जेथे करार नसतो तेथे त्याची मुदतही नसते, आणि मोडण्याचा मार्गही नसतो. धावफलकावर आद्याक्षरे आधी असलेला हा कर्णधार आपल्या हाताखालच्या धंदेवाईक गोलंदाजापेक्षा आपल्या आयुष्याचे निर्णय घेण्यास अधिक मोकळा होता, असे म्हणण्याचे धाडस निदान प्रस्तुत लेखकास होत नाही.

तरीही नेता म्हणून ते यशस्वी झाले, हे निःसंशय. १९३२ च्या काउंटी स्पर्धेत ससेक्सने दुसरा क्रमांक मिळविला, यॉर्कशायर पहिले. ते स्वतः स्लिपमध्ये अप्रतिम क्षेत्ररक्षण करीत. त्या उन्हाळ्यात त्यांची प्रकृती सारखी ढासळत होती, आणि स्पर्धा रंगात आली असता विश्रांतीचा वैद्यकीय सल्ला त्यांनी मानला नाही. ऑगस्टमध्ये टाँटन येथे सॉमरसेटविरुद्धच्या सामन्यानंतर ते पुन्हा काउंटीसाठी मैदानात उतरले नाहीत. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जार्डिनच्या संघात त्यांची निवड झालेली होती. ती सोडावी लागली. निदान क्षयाचे होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास अद्याप अकरा वर्षे अवकाश होता. उंच जागेवरील स्वच्छ हवा, अन्न आणि पडून राहणे एवढेच उपचार उपलब्ध होते. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कारकीर्द संपली. पुढील वर्षी, २ एप्रिल १९३३ रोजी, रणजितसिंहजी निवर्तले. चुलत्याचा शब्द ज्या दिवशी बंधनकारक राहिला नाही, त्या दिवशी पुतण्याला खेळता येत नव्हते.

बारा कसोटींत ९९५ धावा, सरासरी ५८.५२. प्रथम दर्जाच्या सर्व सामन्यांत १५,४८५ धावा, पन्नास शतके, सरासरी ४९.९५. कोणत्याही मापाने हे आकडे मोठे आहेत, आणि अल्प कारकिर्दीच्या आकड्यांत नेहमी आढळणारा दोष, म्हणजे उतरणीचा काळ त्यांत नसणे, हा येथेही आहे. म्हणून केवळ सरासरीवरून त्यांची तुलना हॉब्ज वा हॅमंड ह्यांच्याशी करणे अप्रस्तुत होईल.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. दुलीपसिंहजी नव्या भारताच्या परराष्ट्रसेवेत दाखल झाले आणि १९५० ते १९५३ ह्या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. गौरेतरांना वसाहतीस मज्जाव करणारे धोरण त्या देशात तेव्हा जारी होते. ज्या देशाचा शर्ट त्यांनी कधी घातला नाही, त्याचे अधिकृत प्रतिनिधित्व त्यांनी अशा ठिकाणी केले. ५ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१-६२ च्या हंगामात त्यांच्या नावाने विभागीय संघांची स्पर्धा सुरू झाली. पहिला करंडक पश्चिम विभागाने जिंकला. नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडात हौशी व धंदेवाईक हा भेद अधिकृतपणे रद्द करण्यात आला आणि धावफलकावरील सर्व नावे सारखी झाली.

ससेक्सला काउंटी विजेतेपद मात्र फार उशिरा मिळाले. १९३२, १९३३ व १९३४ अशी सलग तीन वर्षे दुसऱ्या क्रमांकावर राहिलेली ही काउंटी प्रथम विजयी झाली ती सप्टेंबर २००३ मध्ये, होव्ह येथे, लेस्टरशायरविरुद्ध. त्याच सामन्यात मरे गुडविनने नाबाद ३३५ धावा केल्या आणि दुलीपसिंहजींचा त्र्याहत्तर वर्षांचा विक्रम दोन धावांनी मागे पडला.